उचगावच्या विहिरीत आधी कोण उतरले

‘परशराम मास्तर हे भूगोलाचे नावाजलेले शिक्षक होते. परंतु पृथ्वीच्या पोटात काय आहे याचे त्यांना वेड लागले आणि त्या वेडाच्या भरात एका रविवारी त्यांनी अंगावरचे धोतर फेडून उचगावच्या विहिरीत उडी घेतली. त्यांना वाचवण्यासाठी खाली उतरलेला एक गरीब वडार मरता मरता वाचला.’

आमच्या शाळेच्या स्मरणिकेत हे असे छापले गेले आहे. लिहिणारे गृहस्थ स्वतःस मास्तरांचे विद्यार्थी म्हणवतात. असतील. वर्गात बसलेला प्रत्येक जण विद्यार्थी असतो असे मी माझ्या तीस वर्षांच्या नोकरीत कधीच मानले नाही. त्यांच्या मजकुरातील ‘नावाजलेले’ हा शब्द खरा आहे. रविवार खरा आहे. बाकीचे सारे उलटे आहे. आणि उलटे म्हणजे चुकीचे एवढेच नव्हे, तर कोणी कोणाला वाचवले हेच यात फिरवून ठेवलेले आहे.

ही स्मरणिका मला मास्तरांच्या लेकीने, सुमतीने, आणून दिली. शहापुरात तिच्या चुलत्यांच्या घरी मागाच्या कांड्या भरण्यात तिचा जन्म गेला. बाप गेला तेव्हा ती चौदा वर्षांची होती. ठरलेली सोयरीक ‘वेड्याची लेक’ म्हणून मोडली, ती मोडलीच. पुस्तक माझ्यापुढे ठेवून ती म्हणाली, “काका, लोक तोंडानं बोलत हुते तवर मी ऐकून घेतलं. आता छापलंय. मी मेल्यावर बी ऱ्हाणार हे. तुमी हुतासा तितं. लिवा.”

मी होतो. म्हणून लिहितो.

मी त्याच शाळेत चित्रकला शिकवीत असे. परशराम मास्तर माझ्याहून दहाबारा वर्षांनी मोठे. शहापूरच्या कोष्टी गल्लीतले. घरात चार माग, थोरले भाऊ अण्णा ते चालवीत आणि मास्तर हे त्या घरातले शाळेची पायरी चढून पुन्हा मागावर न परतलेले पहिले माणूस. स्मरणिकेत त्यांच्या डोक्यावर टोपी घातलेली आहे. मास्तरांनी टोपी कधीच घातली नाही. ते रुमाल बांधीत. अंगाने उंच, पाठीत किंचित वाक, आणि कोटाचे दोन्ही खिसे गुडघ्यापर्यंत ओघळलेले, कारण खिशांत दगड असत. शहापुरातील शिंपी त्यांच्या कोटाला दुहेरी खिसे लावी आणि म्हणे, “मास्तर, ह्या खिशात मावंल तेवढाच डोंगर उचला.”

पोरांनी त्यांचे नाव पाताळमास्तर ठेवले होते. ते त्यांना ठाऊक होते आणि आवडतही होते.

दरवर्षी नव्या वर्गात त्यांचा पहिला तास एकच असे. टेबलावर तीन दगड ठेवायचे: एक काळा, एक विटेसारखा तांबडा, आणि पुन्हा एक काळा. मग समोरच्या एखाद्याला उठवायचे.

“हा काळा कशाचा रं?”

“दगडाचा, मास्तर.”

“आन् दगड कशाचा?”

पोरगा शेजाऱ्याकडे बघे.

“विस्तवाचा. पिठल्यागत पातळ हुता. जमिनीला भेगा पडल्या, त्यातनं उतू आला, आन् हितनं पार नाशकापल्याड पसरला. मग थिजला. त्येच्यावर पाऊस पडला. किती वर्सं? तुझा आजा, त्येचा आजा, त्येचा आजा, मोजत बस. दगड कुजला, माती झाली. मातीत काय आलं?”

“गवत, मास्तर.”

“गवत का शेवाळ, मी बघायला न्हवतो. पर कायतरी जितं आलं. मग?”

“मग काय, मास्तर?”

“मग पुन्यांदा उतू आला.”

असे म्हणून ते वरचा काळा दगड तांबड्यावर ठेवीत. जोरात नव्हे, झाकण ठेवावे तसा. मग वर्गभर तो तांबडा दगड फिरे. विहिरी खणताना दोन कातळांच्या मध्ये हा गेरूचा थर लागतो, हे त्या शेतकऱ्यांच्या पोरांनी डोळ्यांनी पाहिलेले असे. पण ती भाजून निघालेली माती आहे, हे त्यांना कोणी सांगितलेले नसे. “दोन विस्तवांच्या मधी हितं जीव हुता, बाळांनो,” मास्तर म्हणत. “पयला जळला म्हणून दुसरा यायचा ऱ्हायला न्हाय.” मी शेजारच्या वर्गात असे. त्या क्षणाला पलीकडचा गलबला थांबलेला मला भिंतीतून कळे.

ते आमच्या शाळेत येण्यापूर्वी काही वर्षे निपाणीस होते. तेथील एका तंबाखूच्या वखारीत त्यांची संध्याकाळची बैठक असे. वखारीचे शेट मला पुढे एका लग्नात भेटले, तेव्हा त्यांनी आपण होऊन सांगितले. शेटांनी मास्तरांना चिडवण्यासाठी विचारले होते, “मास्तर, तुमच्या त्या पाताळाचा आमच्या धंद्याला काय उपेग?” मास्तरांनी वखारीच्या दारातली चिमूटभर काळी माती उचलून शेटांच्या तळहातावर ठेवली. “शेट, ही तीच आग हाय, झिजलेली. हिच्यात तुमची तंबाखू उगवती. तुमची विडी दोन बाऱ्या पेटलेली असती बगा. दुसऱ्या बारीला काडी लागती एवडंच.” शेट म्हणाले, “त्या दिवसापास्नं विडी वडताना मला त्या बामनाची… न्हवं, त्या कोष्ट्याची आठवण येती.” शास्त्र जाणणारा तो ब्राह्मणच असला पाहिजे, ही त्या काळची समजूत शेटांच्याही जिभेवर होती. मास्तरांना तिचा चटका अनेकदा बसला, शाळेतही बसला. त्याबद्दल ते कधी बोलले नाहीत, म्हणून मीही लिहीत नाही.

त्यांनी मला एकदा मोठे चित्र काढावयास सांगितले. पृथ्वी मधोमध कापली तर कशी दिसेल, ते. अण्णांच्या मागावरचे कोरे कापड आणले, नऊ हात. मी वरचे कवच तपकिरी केले, खालचा जाड थर पिवळट, आणि अगदी मध्यभागी काळा रंग भरावयास घेतला. पाताळ म्हणजे अंधार, असे माझ्या डोक्यात. त्यांनी माझा हात धरला.

“चित्रकार, काळा नगं. तितं लई ऊन हाय.”

“मग कोणता?”

“कुंकवाचा घ्या. हिचं सौभाग्य तितंच हाय.”

आणि मग उभ्या उभ्या त्यांनी मला जे सांगितले, ते मी नंतर कोठल्याही पुस्तकात इतके सोपे वाचले नाही. पाऊस डोंगर रोज थोडे झिजवतो आणि समुद्रात नेऊन टाकतो. पोटातल्या उष्णतेने जमीन पुन्हा उचलली गेली नसती, तर केव्हाच सगळीकडे पाणीच पाणी झाले असते. ना बेळगाव, ना निपाणी. आपण घेतो ती हवा आणि पितो ते पाणीही बहुधा त्याच पोटातून वाफ होऊन बाहेर आले. “आन् जीव?” मी विचारले. ते म्हणाले, “लोक म्हणत्यात वरनं आला. मला वाटतं खालनं आला. ऊन पाणी, दगडातला क्षार, आन् लई येळ. पर हे माजं वाटणं हाय, चित्रकार. वर्गात मी हे ‘वाटतं’ म्हणूनच सांगतो.” वेड्या माणसाला ‘आहे’ आणि ‘वाटते’ यांतील अंतर राखता येते काय, हे स्मरणिकावाल्यांनी मला सांगावे.

या ‘खालनं आला’वरून तक्रार झालीच. दोन पालक हेडमास्तरांकडे गेले की, हा कोष्टी पोरांना शेषनाग नाही असे शिकवतो. मास्तरांना बोलावणे आले. मी बाहेर उभा होतो. हेडमास्तर घाबरट होते, ते म्हणाले, “अहो परशराम, पृथ्वी शेषावर आहे असे म्हणायला तुमचे काय जाते?” मास्तर शांतपणे म्हणाले, “मी तर म्हणतोच की, शेषावरच हाय. जलमाच्या येळची जी ऊब शेष ऱ्हायलीया पोटात, तिच्यावरच ही उभी हाय.” पालक खूश होऊन गेले. हेडमास्तरांना काय ते कळले नाही. मास्तर बाहेर येऊन मला म्हणाले, “लबाडी न्हाय केली हं, चित्रकार.”

मास्तरांच्या दुःखाबद्दलही स्मरणिकेत एक ओळ आहे: ‘पत्नीच्या निधनानंतर ते खचले.’ हेही खोटे. ते खचले नाहीत. प्लेगाच्या साली गाव सोडून सारे रानात झोपड्या घालून राहिले होते, तेथे त्यांची बायको गेली. सुमती तेव्हा अंगावर पीत होती. त्याविषयी मास्तर माझ्याशी एकदाच बोलले. आम्ही येळ्ळूरच्या बाजूस फिरावयास गेलो होतो, दिवस कलत होता आणि पूर्वेला चंद्र निघाला होता. ते म्हणाले, “चंद्र लई धाकटा, म्हणून लौकर निवला म्हणत्यात. पोटातली ऊब गेली. मग वारं न्हाय, पाणी न्हाय, कोण न्हाय.” बराच वेळ चालल्यावर म्हणाले, “तिचे आधी पाय गार पडले. मी चोळत बसलो हुतो. मग गुडघं. मला कळत हुतं कुठनं कुठं चाललंय ते. शिकल्यालं माणूस, सगळं कळत हुतं.” एवढेच. दुसऱ्या दिवशी ते वर्गात होते, खिशांत दगड होते. खचलेला माणूस पुढे वर्षानुवर्षे लेकीची वेणी स्वतःच्या हाताने घालून तिला शाळेत आणत नाही.

आता विहिरीकडे येतो.

जेथे विहीर खणली जात असे, तेथे मास्तर रविवारी जात. पृथ्वीचे पोट उघडलेले पाहण्याची आम्हा लोकांना तेवढीच सोय. बरोबर एक थर्मामीटर असे. तो सुतळीने खाली सोडून ते पाण्याची उष्णता वहीत टिपून घेत. मी एकदा थट्टा केली, “पाताळाची आच लागली का?” ते हसून म्हणाले, “पन्नास फुटांत काय लागतीया? त्येला मैलभर पायजे. ही नुसती दाराला कान लावून बसायची सवय.” ज्याला पन्नास फुटांत काही नाही हे ठाऊक आहे, तो पाताळ शोधावयास पन्नास फुटांत उडी मारतो, असे आपणास पटावयास सांगितले जाते.

उचगावची विहीर हणमंता वडाराने खणावयास घेतली होती. तो आणि त्याचा धाकटा भाऊ यल्लाप्पा. मास्तरांचे त्या दोघांशी चांगले जमे. वडारांची एक रीत होती: सकाळी पहिला माणूस उतरण्याआधी पेटता कंदील दोराने तळापर्यंत सोडायचा. कंदील जळत राहिला तर माणूस उतरायचा. विझला तर त्या दिवशी काम बंद. तळाशी वाईट हवा कोंडते, ती दिव्याला आधी कळते. परंतु कंदील सोडताना हळदकुंकू वाहत, नारळ फोडत, आणि त्यामुळे त्याची पूजा झाली होती. पूजा सकाळी एकदाच असते. सुरुंगाचा बार उडवल्यावर पुन्हा कंदील सोडण्याची कोणाला गरज वाटत नसे.

माझ्यादेखत यावरून वाद झाला होता.

“हणमा, बाराचा धूर जड असतोय. खाली बसतोय. पुन्यांदा दिवा सोड.”

“सक्काळी सोडलाय की, मास्तर. देवीनं हुकूम दिलाया.”

“देवीनं सकाळच्या हवेला हुकूम दिलाय रं. बाराच्या हवेला न्हाय.”

“तुमी लई शिकलासा, मास्तर. देवीला दोन बाऱ्या इचारलं तर ती म्हंल, ह्येचा इस्वास न्हाय.”

“म्हणू दे. तिला सांग, कोष्ट्यानं इचारायला लावलं. पाप माज्या डोक्यावर.”

हणमंता हसला, आणि त्या दिवसापासून बारानंतरही कंदील सोडू लागला. पण हणमंता असेल तेव्हाच.

महायुद्धाची वर्षे होती. रॉकेल रेशनवर मिळे. त्या रविवारी हणमंता पहारींना धार लावण्यासाठी बेळगावात लोहाराकडे गेला होता. विहिरीवर यल्लाप्पा, मळ्याचा मालक आणि मालकाचे दोन गडी. दुपारी बार उडवले. सगळे बार उडाले की नाही हे पाहण्यास एक जण आधी उतरतो. यल्लाप्पाने कंदील मागितला. मालक म्हणाला, “सकाळी जळलाय की दिवा. रॉकेल काय झऱ्याचं हाय काय? उतर.” यल्लाप्पा खोबणीत पाय देत उतरला. तळ जवळ आला एवढे त्याला आठवते. पुढचे आठवत नाही. तो उतरला तेव्हा मास्तर विहिरीवर आलेलेच नव्हते, हे त्याने पोलिसांना सांगितले, गावाला सांगितले, मरेपर्यंत सांगितले. मालकाने वेगळे सांगितले: मास्तर आले, धोतर फेडले, उडी टाकली, वडार त्यांना काढावयास गेला. कंदिलावाचून माणूस खाली पाठवल्याचा बोल आपल्यावर येऊ नये, यासाठी एवढी गोष्ट रचावी लागली. गड्यांनी मान हलवली; त्यांची भाकर त्या मळ्यावर होती. एकीकडे मळ्याचा मालक, दुसरीकडे बेशुद्ध होऊन वर आलेला वडार. साक्ष कोणाची धरली गेली, हे सांगावयास नको.

आणि मास्तर नुसत्या लंगोटावर सापडले, हे तर साऱ्या गावाने पाहिले होते. वेडाला आणखी पुरावा काय हवा? सुमतीच्या मनाला सर्वांत खोल लागलेला घाव तो आहे. “काका, बाबांनी धोतर का फेडलं असंल?” असे तिने मला चाळीस वर्षांत अनेकदा विचारले. मी उत्तर दिले, पण घरात बसून दिले. ती माझी चूक. आता चार लोकांसमोर देतो.

मी मास्तरांना शेवटचे पाहिले ते आदल्या दिवशी, शनिवारी, शाळा सुटताना. फाटकाशी उभे राहून ते सुमतीच्या वेणीची सुटलेली रिबीन बांधत होते. त्यांचे डोळे रस्त्यावर होते, कोणाशी तरी बोलत होते, आणि बोटे आपली आपण चालली होती. मला पाहून म्हणाले, “येता का उद्या उचगावला?” मी म्हणालो, घरी पाहुणे आहेत. पाहुणे नव्हते. ऊन फार होते, म्हणून मी टाळले.

रविवारी निरोप आला. अण्णा आणि मी सायकलींवरून पोचलो तेव्हा उजेड होता. मास्तरांना वर काढून चिंचेखाली ठेवले होते, अंगावर कोणीतरी पोते टाकले होते. अण्णांनी ते काढून स्वतःचे उपरणे घातले. मग ते भावाजवळ बसले नाहीत. ते विहिरीच्या काठी गेले. बार उडवण्याआधी दगड वर काढण्याची यारी बाजूला ओढून ठेवतात, तशी ती दूर होती. शेजारच्या मळ्यातला मोटेचा नाडा, म्हणजे मोट ओढण्याचा जाड दोर, आणून गड्यांनी खाली सोडलेला होता. तो आता काठावर पडला होता आणि त्याच्या टोकाला मास्तरांचे धोतर होते. नाडा चारपाच हात तोकडा पडला असला पाहिजे. धोतराचे एक टोक नाड्याला बांधलेले होते. दुसरीकडे यल्लाप्पाच्या काखांखालून घेतलेला वेढा होता, तो वर आल्यावर गड्यांनी विळ्याने कापला होता. यल्लाप्पा त्या धोतरात वर आला, एवढे मालकही नाकारीत नव्हता. त्याचे म्हणणे असे की, धोतर काठावर पडलेले होते, ते गड्यांनी नाड्याला जोडले आणि वडाराने ते खाली स्वतःच गुंडाळून घेतले.

अण्णा खाली वाकले. नाडा आणि धोतर जिथे एकत्र आले होते तिथे त्यांनी बोट ठेवले, आणि मला म्हणाले, “हे बगा.”  अधिक सांगण्याची जरुरी नव्हती. मी शहापुरात राहणारा माणूस आहे. मागावर सूत तुटले की कोष्टी ते कसे जोडतो हे मी हजारदा पाहिले आहे. गाठ बारीक बसते, फणीत अडकत नाही, आणि जितका ताण पडेल तितकी आवळते. कोष्ट्याच्या घरातले मूल अक्षराआधी ती शिकते, आणि पुढे जन्मभर न पाहता, अंधारातही, दोन श्वासांच्या आत बांधते. शेतकरी ती बांधत नाही. वडार बांधत नाही. मळ्याच्या मालकाला ती येत नव्हती, त्याच्या गड्यांना येत नव्हती. तळाशी दिवा विझतो तेथे माणूस किती वेळ टिकतो, हे त्या पंचक्रोशीत ज्याला सर्वांत नेमके ठाऊक होते, तो ते ठाऊक असून खाली गेला.

यल्लाप्पा ज्या गाठीवर वर आला, ती कोष्ट्याची गाठ होती. आणि ती बांधली गेली तेव्हा उचगावच्या त्या विहिरीवर कोष्टी एकच होता.